कोरी राहिलेली जागा

ती विहीर आजही डोळ्यांसमोर आहे आणि तिच्या जाळीवरचं फुटलेलं कुलूपही. ब्याऐंशी साली लातूर जिल्हा नवा झाला होता. मी फौजदार म्हणून ज्या ठाण्यात होतो तिथे छापील फॉर्म जुनेच होते. प्रत्येक कागदावर 'जि. उस्मानाबाद' खोडून वर 'लातूर' लिहायचं, हे आमचं रोजचं काम. त्यात दुष्काळ पडला आणि पाण्याची भांडणं ठाण्यात येऊ लागली.

एका सकाळी गावातला बडा बागायतदार तक्रार घेऊन आला. त्याच्या विहिरीचं कुलूप एका विधवा बाईने दगडाने फोडलं होतं. विहीर आपली खाजगी आहे म्हणून त्याने एक कागदही दिला. बाहत्तरच्या दुष्काळी कामांच्या दिवसांत पंचांनी लिहून दिलेला, खाली पाच अंगठे. बाईला बोलावलं. ती घागर काखेत घेऊनच आली.

"कुलूप म्याच फोडलं," ती म्हणाली. "न्हाई कशाला म्हनू? पर हीर सरकारी हाय, सायेब. दुष्काळी कामावर खांदली. आमचे मालक तिच्यातच गेले. दरड पडली अंगावर, मारुतीच्या जत्रंच्या आदल्या दिशी."

बागायतदार हसला. "तिचा नवरा तापानं मेला. सरकारी काम तिथं झालंच नाही."

हवालदार जबाब लिहीत होता. आमच्याकडे बाईच्या नावापुढे 'भ्र.', म्हणजे भ्रतार, लिहून नवऱ्याचं नाव घालायची रीत. त्याने नाव विचारलं. बाईने पदर ओढून मान खाली घातली. "तेवढं इचारू नका." त्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तो गेल्यावरही नाही. पोलीस पाटलाला विचारून भरू, म्हणून हवालदाराने जागा कोरी सोडली, आणि विसरला. सही करताना मीही पाहिलं नाही.

बाई खोटं बोलत नव्हती. खोटं बोलणारा कुलूप फोडल्याचं आधी कबूल करत नाही. पण पुरावा कुठून आणायचा? आमचं आकस्मिक मृत्यूचं रजिस्टर वाळवीने खाल्लेलं. विहिरीच्या कामाची कागदपत्रं उस्मानाबादला मागितली, तर उत्तर आलं की ती लातूरला पाठवली. लातूरला विचारलं, तर गठ्ठे अजून सोडलेले नाहीत! मला भयंकर चीड आली होती. इकडे विहिरीला दुसरं कुलूप लागलं होतं आणि बायका कोसभर चालत होत्या.

त्याच आठवड्यात गावातले एक निवृत्त गुरुजी ठाण्यात आले, दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले, "माझं नाव येऊ देऊ नका. त्या अपघाताची बातमी पेपरात आली होती. नांदेडचा पेपर होता. तिथल्या ग्रंथालयात जुन्या फाइली आहेत म्हणतात."

पहिल्या एसटीने नांदेड गाठलं. ग्रंथपाल मोठे चिकाटीचे गृहस्थ. त्यांनी बाहत्तरची फाइल काढून दिली. हनुमान जयंतीच्या मागचे-पुढचे सगळे अंक मी ओळ न ओळ वाचले. नाकातोंडात धूळ गेली, हाती काही लागलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच फाइल मागितली, तेव्हा ते चष्मा काढून म्हणाले, "साहेब, तुम्ही बाहत्तर, बाहत्तर करून राहिले. पाऊस गेला बाहत्तरला. मग उन्हाळा कोणता, चैत कोणता? त्र्याहत्तरचा!"

मी कपाळाला हात लावला. सगळा मराठवाडा त्याला बाहत्तरचा दुष्काळ म्हणतो, म्हणून मीही वर्ष चुकलो होतो.

त्र्याहत्तरच्या फाइलीत तासाभरात बातमी सापडली. चार ओळी. गावाचं नाव, सरकारी दुष्काळी कामावरच्या विहिरीत दरड कोसळली, एक मजूर ठार. वर सदराचं नाव ठळक अक्षरांत होतं: 'उस्मानाबाद जिल्हा'. ते वाचलं आणि मी पिशवीतून बागायतदाराच्या कागदाची नक्कल काढली. गावाच्या नावापुढे स्पष्ट लिहिलं होतं, 'जि. लातूर'. रोज उस्मानाबाद खोडून लातूर लिहिणारा मी, तो कागद वीस वेळा वाचूनही मला ते दिसलं नव्हतं.

बातमीची सही-शिक्क्याची नक्कल घेऊन परतलो आणि कागदाखाली लेखक म्हणून ज्याची सही होती त्या इसमाला बोलावलं. चहा दिला. चौकशीत आवाज चढवून फार थोडं मिळतं, असा माझा अनुभव आहे.

"अक्षर तुमचंच?"

"हाव, साहेब. दुष्काळातला कागद हाय."

"तेव्हा आपला जिल्हा कोणता होता?"

"लातू..." तो थांबला. मी कागद पुढे सरकवला आणि जिल्ह्यावर बोट ठेवलं. त्याने बशी खाली ठेवली. "मालकच म्हनले लिही म्हनून. अंगठे बी तिथंच उठवले. गेल्या महिन्यात."

बनावट दस्तऐवजाचा गुन्हा दाखल झाला, बागायतदाराला अटक झाली. पुढे गठ्ठ्यातून कामाची नोंदही निघाली. तहसीलदारांनी कुलूप काढलं आणि बाईला कोर्टाने सोडून दिलं.

तिला बातमी वाचून दाखवायला मी स्वतः गेलो. तिला वाचता येत नव्हतं. तिने कागद हातात घेतला आणि विचारलं, "ह्यात त्यांचं नाव कुठं हाय?"

"नाव नाही, मावशी. एक मजूर, एवढंच आहे."

तिने कागद परत माझ्या हातात दिला. मला पेपरवाल्यांचा राग आला, आणि लगेच आमच्या जबाबातली ती कोरी जागा आठवून माझीच मला लाज वाटली. मग तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"तुमच्या कागदात तर ल्ह्या, सायेब. ग्यानोबा."

त्यानंतरच्या सगळ्या नोकरीत, नाव कळण्यासारखं असताना 'एक इसम' असं मी कुठल्याही पंचनाम्यात लिहिलं नाही, हाताखालच्यांनाही लिहू दिलं नाही. या आठवणींत मी कुणाचं नाव देत नाही. हे एक नाव मात्र विचारपूर्वक ठेवलं आहे.