बर्फाला पहिला नंबर

थळजवळच्या आमच्या कोळीवाड्यात बोटी निघण्याआधी मच्छीमार सोसायटीच्या कोठीतून बर्फ भरतात. कोणाची बोट आधी, कोणाची नंतर, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. पहिल्याला अख्ख्या लाद्या, शेवटच्याला चुरा आणि पाणी. आमची बोट शेवटून दुसरी.

सोसायटीचा जुना कॉम्प्युटर धापा टाकायला लागला, तेव्हा सगळा कारभार नव्या सिस्टिमवर हलवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पुण्यात मी याचा पगार घेते, गावात चहा. सुरुवातीला याद्या काढायची एक क्वेरी धड चालेल तर शपथ. तारखा उलट्या, आकडे कोरे. मी शिव्या घालत एकेक सरळ केली. मग हौसेनं सगळ्या बोटवाल्यांचे मोबाइल नंबरही नवे करून टाकले. आईचा तेवढा बरोबर होता, म्हणून तिच्या नोंदीला हात लावला नाही.

पहिल्या दिवशी यादी निघाली. एररचं नाव नाही. सगळ्यात वर आमची बोट! लोकांच्या लक्षात येईपर्यंत आमच्या खलाशांनी बर्फ भरूनही घेतला होता.

मग जो कल्ला झाला! यादीत कायम शेवटी असणारी शेजारची काकी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "पोरगी कंपूटर शिकली, तं आयशीची बोट पयली काय?"

"माजी पोरगी असला काय करनार न्हाय!" आई तिच्यावर ओरडली आणि माझ्याकडे अशा नजरेनं वळली, की तिलाही खात्री नसावी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पुण्याला निघून जाणार होते, आईला याच बायकांत बसून मासळी विकायची होती.

दुपारी घोळ सापडला. क्वेरीत क्रम लावायला कोणी सांगितलंच नव्हतं. जुन्या कारकुनानं नावं ठरलेल्या क्रमानं भरली होती आणि जुनी सिस्टिम ती तशीच परत द्यायची. नवी सिस्टिम बदललेली नोंद उचलून मागे टाकत होती. मी सगळ्यांच्या बदलल्या, आईची सोडून. हे मी कोठीसमोर सगळ्यांना समजावलं. सांगताना माझी मलाच ती थाप वाटत होती.

"आता प्रत्येक बोटीपुढे नंबर लिहून टाकते," मी म्हणाले.

"आमची शेवटची लिव," आई म्हणाली.

"शेवटून दुसरी ना?"

"शेवटची!"

एक घर वर सरकलेल्या काकीला माझं सगळं स्पष्टीकरण एकदम पटलं.

संध्याकाळी आई ओट्यावर बोंबील साफ करत बसली होती. माझ्यापायी तिच्या वाट्याला आता कायमचा चुरा आला, या विचारानं मी तिच्याशेजारी जाऊन बोंबील साफ करू लागले. ती मान वर न करता, हळू आवाजात म्हणाली,

"काय बर्फ हुता गो सकालचा! तुजा तो मशीन अजून येकदा बिघडल का? येकच दिवस."