खलात कुटलेलं औषध

चार महिने मी माझ्या नवऱ्याचं औषध खलात कुटून दिलं. रोज सकाळी, आंघोळ करून, देवाला हात जोडून. एवढ्या निष्ठेनं मी आयुष्यात दुसरं कुठलंच मूर्खपणाचं काम केलेलं नाही.

हे पेपर मिलच्या सुतारखान्यात होते. आम्ही मूळचे जळगावकडचे, नोकरीपायी इकडे आलो. मिलची कॉलनी सुटली तेव्हा बुऱ्हाणपुरात बुधवारा पेठेत दोन खोल्या घेतल्या आणि इथलेच झालो. निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष बरं गेलं. कुणाची खिडकी दुरुस्त कर, कुणाला पाट करून दे, असं चालायचं. मग एका हिवाळ्यात त्यांनी रंधा माळ्यावर टाकला. आंघोळ टाळायला लागले. जेवायला बसा म्हटलं की बसायचे, उठा म्हटलं की उठायचे. एका दुपारी भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "माझ्यात काही उरलं नाही आता. तू मोकळी हो." दुसऱ्याच दिवशी रिक्षा करून त्यांना मनाच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर तरुण, हिंदी बोलणारे, आवाज शांत. म्हणाले, "अंकल, ये बीमारी है, कमज़ोरी नहीं. कैप्सूल रोज़ नाश्ते के बाद, पूरा निगलना है. असर में चार-छह हफ़्ते लगेंगे, बीच में अपने मन से बंद मत करना." मी सगळं ऐकलं, मान डोलावली. अख्खी गिळायची म्हणजे पाण्याबरोबर घ्यायची, एवढाच अर्थ माझ्या डोक्यात शिरला.

दोन दिवस त्यांनी निमूट घेतली. तिसऱ्या दिवशी ओल्या तळहातावर कॅप्सूल घेऊन ते बराच वेळ बसून राहिले. ती मऊ पडली. त्यांनी ती अंगठ्यानं चोळली, चिकट झालेलं बोट नाकाशी नेलं आणि कित्येक दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं.

"सरस हाय हा," ते म्हणाले.

"काहीतरीच काय!"

"जिंदगी गेली माझी सरस शिजवता शिजवता. लाकडं चिकटवायचा, जनावराच्या हाडाचा. मले शिकवू राह्यली का तू? गळ्यात माळ हाय माझ्या."

विसाव्या वर्षी घातलेली तुळशीची माळ. तेव्हापासून या माणसानं बेकरीतला केकसुद्धा अंड्याच्या धास्तीनं तोंडात घेतलेला नाही. आजारानं सगळं नेलं, पण माळ नेली नव्हती, आणि खरं सांगते, मला त्याचं बरंच वाटलं. निदान कशासाठी तरी हा माणूस नाही म्हणतोय!

अशा वेळी माझं डोकं नको तितकं चालतं. मी कॅप्सूल उघडली, कवच टाकून दिलं. आत साबुदाण्याहूनही कितीतरी बारीक पांढरे दाणे होते. ते शिकरणात घातले. केळ्यांचा आमच्याकडे तोटा नाही, जवळच्या बहादरपूर गावचं कुणी ना कुणी फणी आणून देतंच. पण दाणे त्यांच्या कवळीखाली अडकायचे आणि ते वाटी बाजूला सारायचे. म्हणून मी वेलदोड्याचा खल काढला, दाण्यांची पूड केली आणि शिकरणात घोटली. वाटी साफ झाली. त्या दिवशी मी स्वतःवर जाम खूश होते.

सुरुवातीला तेच विचारायचे, "किती हप्ते झाले?" मी सांगायची, तीन. मग पाच. त्यांना मळमळायचं, पण मनावरचं ओझं तसूभर हललं नाही. डॉक्टरांनी विचारलं, "रोज़ लेते हैं ना?" मी ताठ मानेनं म्हटलं, एक दिन नहीं चूका. त्यांनी डोस वाढवला. मी दोन कॅप्सूल कुटायला लागले. दहाव्या आठवड्यानंतर यांनी विचारणं सोडलं. एकदा वाटी परत देताना म्हणाले, "पाह्यलं? औषध बी चालत नाही मले."

चौथ्या महिन्यात मी एकटीच आत जाऊन बसले. हे बाहेर बाकावर. डॉक्टर पुन्हा कागदावर काही लिहायला लागले तेव्हा मी विचारलं, "दो पीसती हूँ डॉक्टर साहब, अब तीन पीसूँ क्या?"

त्यांचं पेन थांबलं. "पीसती हैं?"

मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी समजावलं, त्या प्रत्येक दाण्यावर पोटातल्या आम्लापासून वाचवणारा लेप असतो. दाणा कुटला की लेप गेला, आणि औषध पोटातच नासतं. मग म्हणाले, "मुझसे पूछ लेतीं. दूसरी दवा की सादी गोली दे देता."

विचारलं असतं. का नाही विचारलं? शिकलेला माणूस माळेला हसेल म्हणून. त्याचा हसरा चेहरा मी मनातच रंगवला आणि त्याला घाबरून नवऱ्याचे चार महिने कुटून टाकले. मला स्वतःची किळस आली.

रिक्षातच मी यांना सांगितलं. "औषध वाईट नव्हतं, मी वाया घालवलं. ते तुम्हांला लागू पडायला तुमच्यापर्यंत पोचलंच नाही. आता साधी गोळी दिलीय, नव्यानं सुरुवात करू." मला वाटलं, चिडतील. चिडावं म्हणून मी देवाची करुणा भाकत होते. खिळा वाकडा मारला म्हणून हातोडी भिरकावणारा माणूस हा! ते रस्त्याकडे बघत राहिले.

घरी आल्यावर खाटेवर बसून म्हणाले, "कशाला डोक्यावर घेते? मले उभं करायसाठी काहीबी सांगशील तू."

"तुमच्या माळेची शपथ!"

"शपथ बी घेशील."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, माया होती, आणि तिच्यावर माझा काही इलाज चालेना. औषध वाया गेलं होतं ते गेलंच. पण औषध लागू पडू शकतं हा त्यांचा विश्वासही मीच कुटला होता, आणि तो कुठल्या दुकानात मिळत नाही.

आता सगळं डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे. नव्या गोळीचा डोस कमीपासून सुरू केला, अख्खी गोळी, नाश्त्यानंतर, रोज एकाच वेळी. काही शंका आली तर लाज सोडून फोन करते. परवा गोळी पुढे केली आणि सहज बोलून गेले, या वेळी नक्की बरं वाटेल तुम्हांला. त्यांनी माझं मनगट धरलं.

"गोळी देत जा, मी घेत जाईन. पण बरं वाटेल असं म्हणू नको आता. त्याचंच लय दुखतं मले."

मी पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला.