मंगळ्याची पकड

सोमवार, ३० डिसेंबर २०२४. येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. सकाळी थंडी, आभाळ स्वच्छ. औरादच्या शेतात नरसिंगकडे जेवण. भज्जी, आंबील, उंडे, गव्हाची खीर. दिवस कलताना मंगळ्याने सुगतला धरलं. उजवा हात कोपराखाली फाटला. औरादच्या दवाखान्यात जखम धुतली, टाके घातले नाहीत, सुई देऊन बीदरला पाठवलं. कुत्रं जिवंत आहे.

त्या दिवशी एवढंच लिहून झोपले. नरसिंगविषयी जे सविस्तर लिहायला हवं ते आता लिहिते.

आमच्या यजमानांनी औरादजवळ घेतलेली जमीन आणि नरसिंगची जमीन यांच्यामध्ये एकच बांध आहे. यजमान गेल्यावर आमचं रान तोच बटईने करतो. साठीचा माणूस, हाडापेराने रुंद, डाव्या पोटरीवर कुत्र्याच्या दातांचे जुने वण. सगळ्या पंचक्रोशीत तो ‘कुत्रेवाला नरसिंग’. ज्याला रानडुकरावर सोडायला कुत्रं हवं तो हुलसूरपासून त्याच्या दारात येतो.

कुत्र्यांचं हे वेड त्याच्या वडिलांच्या मरणातून आलं. नरसिंगला तेव्हा मिसरूड फुटत होतं. बापलेक ज्वारी राखायला गेले होते. ज्वारीच्या ताटांत खसफस झाली म्हणून वडील काठी घेऊन आत शिरले आणि डुकराचा सुळा त्यांच्या मांडीत शिरून वर जांघेपर्यंत गेला. नरसिंगने पटका फाडून बांधला. पटका भिजला, सदरा बांधला, तोही भिजला. बैलगाडी सडकेला लागेपर्यंत वडील संपले होते. गाडीच्या फळ्यांमधून रक्त गळत होतं आणि गावातली कुत्री ते चाटत गाडीमागून येत होती, हे त्याने मला एकदा ज्वारी खुडता खुडता सांगितलं, पावसाचं बोलावं तसं. ‘तवाच म्या ठरिवलं आक्का. कुत्र्यानं माझ्या बापाचं रगात चाटलं, आता कुत्र्यानंच डुकराचं चाटायचं.’

मुधोळ आणि गावठी यांच्या जोडीतून तो पिल्लं काढतो. डोळे उघडून थोडी धावायला लागली की कान कापतो. मी एकदाच पाहिलं. त्याची बायको सुभद्राबाई पिल्लाला पोत्यात गुंडाळून फक्त डोकं बाहेर धरून बसली होती. नरसिंगने चुलीत तापवलेला विळा काढला. पिल्लाची किंकाळी ऐकून मी बांधापलीकडे गेले. परत आले तेव्हा तो कानांच्या बुडख्यांवर हळद आणि राख दाबत होता.

‘हे कशासाठी, नरसिंग?’

‘सुळा कानात आडकला की आख्खं डोस्कं फाटतंय आक्का. आज जरासं रडंल, पण मरायचं न्हाई.’

आणि तोच माणूस रोज सकाळी उन्हात बसून त्याच कुत्र्याच्या बोटांमधले गोचीड एकेक काढून रॉकेलच्या वाटीत टाकतो. डुकराने पोट फाडलं तर दाभणाने शिवतो, करंजाचं तेल लावतो, जखम भरेपर्यंत कुत्र्याशेजारी गोणपाटावर झोपतो. पिसाळण्याची लस दरवर्षी न चुकता टोचून आणतो. सुभद्राबाई म्हणते, ‘मला ताप आला तर शेजारनीला सांगतेत, बघ गं जरा. कुत्रं शिंकलं की सवता रातभर जागतेत.’

रानडुक्कर मारायला परवानगी लागते, हे मी त्याला किती वेळा सांगितलं. तो म्हणायचा, ‘डुकराला बी सांगा की, परवानगी काडून तुरीत येत जा म्हनावं.’

त्याची शिकवण एकच. गोणपाटाच्या पोत्यात भुसा भरायचा, त्याला डुकराची चरबी आणि रक्त चोळायचं, दोरीने पोतं स्वतःच्या कमरेला बांधायचं आणि तिन्हीसांजेला बांधावरून पळायचं. उपाशी ठेवलेलं कुत्रं मागून सुटतं. पोतं पाडून दात रुतवले की मगच भाकरी. बांधावरून पळतं ते पाडायचं, एवढं कुत्र्याच्या हाडात उतरेपर्यंत हे रोज चालतं. सोडायला मात्र तो कधीच शिकवत नसे. गरजच पडली नव्हती. डुक्कर मेलं की कुत्रं आपोआप सोडायचं.

मंगळ्या हा त्याचा सगळ्यांत चांगला कुत्रा. राखी रंगाचा, छाती खोल, जबड्याखाली एक लांब शिवण. गेल्या वर्षी त्याने एकट्याने एक नर डुक्कर नाल्यात दाबून धरला होता. नरसिंग पोचला तेव्हा डुक्कर केव्हाचा मेला होता आणि मंगळ्याचं आतडं शिंपल्याएवढं बाहेर आलं होतं. नरसिंगने ते आपल्या तळहाताने आत ढकललं आणि तसंच धरून त्याला घरी आणलं.

आता येळवसीचं. त्या दिवशी आमच्याकडे गावात कुणी नसतं. सगळं गाव आपापल्या शेतात, कडब्याच्या कोपीपाशी. वाटसरूलाही हाक मारून जेवायला बसवतात. नरसिंगच्या वडिलांनी धम्म घेतल्यापासून त्यांच्या कोपीत पांडवांची पूजा होत नाही, पण जेवण आणि टेंभा सुटलेला नाही. दिवस कलला की घरातला जवान माणूस कडब्याचा पेटता पेंढा खांद्यावर घेऊन, आरोळी देत, शेताच्या चारी बांधांवरून पळत फेरी घालतो.

दरवर्षी टेंभ्याच्या आधी नरसिंग कुत्री साखळीला बांधायचा. या वर्षी सुगत, त्याचा एकुलता मुलगा, बीदरहून बायको प्रेरणा आणि लहान मुलीला घेऊन आला होता. तो घरांचं वायरिंग करतो. कडबा बांधता बांधता तो म्हणाला, ‘अप्पा, मंगळ्याला बांधा.’

‘आवंदा ऱ्हाऊ दे. आज बैल सुदा मोकळं हाय.’

‘बैल टांगडी तोडत न्हाई.’

‘आरं, त्येनं आज दोन ताटं खीर खाल्ली, उंडे खाल्ले. पोट भरलं की त्ये मेंढरू हाय. उपाशी आसला तरच धरतंय.’ मग नातीकडे वळून, ‘व्हय का न्हाई गं? तुझा बाप कुत्र्याला भेतोय.’

सगळे हसले. सुगतही हसला. टेंभा पेटवला आणि पळत सुटला.

तो पूर्वेच्या बांधावर वळेपर्यंत मंगळ्या कोपीच्या सावलीत पाय पसरून पडला होता. मग त्याने मान उचलली. नरसिंगने हाक मारली. मंगळ्या उठला आणि हरभऱ्यातून सरळ रेषेत, आवाज न करता गेला.

सुगत पालथा पडला. टेंभा तुरीत उडाला. सुगतने तोंड वाचवायला उजवा हात पुढे केला आणि तो मंगळ्याच्या जबड्यात गेला. आम्ही पोचलो तेव्हा कुत्रं डोकं हलवत होतं, पोतं हलवायचं तसंच, आणि प्रत्येक हिसक्याबरोबर सुगतचं सगळं अंग जमिनीवरून सरकत होतं. हाडावरून मांस सुटताना ओला कपडा फाडल्यासारखा आवाज येत होता. प्रेरणा मुलीचं तोंड पोटाशी दाबून उलटी फिरली. कुणी दगड घातले, कुणी लाथा. मंगळ्याने डोळे मिटून घेतले आणि पकड आणखी घट्ट केली.

‘मारू नगा! मारल्यावर आनकी आवळतंय!’ नरसिंग ओरडला. त्याने मंगळ्याच्या गळपट्ट्यात काठी घातली, कुत्र्याच्या पाठीवर मांडी ठोकून बसला आणि दोन्ही हातांनी काठी पिळत गेला. कुत्र्याची जीभ निळी पडली, मागचे पाय झाडू लागले, मग ढिले झाले. तेव्हा कुठे जबडा सुटला.

लोकांनी त्याच रात्री त्याला ठेचलं असतं. दवाखान्यातून डॉक्टरांचा निरोप आला म्हणून वाचला: कुत्र्याला लस दिलेली असली तरी दहा दिवस जिवंत ठेवून लक्ष ठेवा. नरसिंगने त्याला घरामागे लिंबाला दोन साखळ्यांनी बांधलं आणि स्वतः काठी घेऊन आडवा बसला, कारण भाऊबंद कुऱ्हाडी घेऊन दोनदा येऊन गेले होते. दुसऱ्या खेपेला त्याने चुलतभावाच्या खांद्यावर काठी हाणली, हासडी मोडली.

दहा दिवस गेले. मंगळ्या धडधाकट होता. सुगतचा हात राहिला, पण करंगळी, तिच्याशेजारचं बोट आणि मधलं बोट मिटेनात. स्क्रूड्रायव्हर धरता येईना. तो गावी आला तो थेट लिंबापाशी. मी त्या दिवशी हिशोबाला तिथे गेले होते.

‘दहा दिवस झाले, अप्पा. आता मारा त्येला.’

‘त्येचा काय गुन्हा? म्या शिकिवलं त्येच त्येनं केलं.’

‘मग आता काय, माझ्या लेकीला डुकराची चरबी लावून सोडू शेतात? ह्यो राहील तर आमी येनार न्हाई. पुन्ना पाय ठेवनार न्हाई इथं.’

नरसिंगने साखळी हातावर गुंडाळली. ‘म्या शिकिवलं, मीच इसरायला लावतो. मला थोडं दिवस दे.’

‘आनि इसरला न्हाई तर?’

‘तर माझ्या हातानं मारतो.’

सुभद्राबाई भांडी घासता घासता म्हणाली, ‘तुमच्या हातानं? तुमच्यानं कोंबडी कापवत न्हाई, आमालाच कापाय लावता.’

महिनाभर नरसिंगने दुसरं काही केलं नाही. पोतं तेच, रक्त तेच. मंगळ्याने धरलं की ‘सोड’ म्हणून काठी पिळायचा, सुटलं की भाकरी. मंगळ्याच्या गळ्याचे केस गेले, कातडं सोलून पाणी सुटलं. नरसिंग त्यावर लोणी लावायचा आणि पुन्हा पिळायचा. शेवटी शेवटी कुत्रं नुसत्या शब्दावर सोडू लागलं, मग धावता धावता थांबू लागलं. नरसिंगने बीदरला निरोप धाडला: येऊन बघ.

सुगत एकटाच आला, वाटेत मैलूरला आमच्या घरी चहा घेऊन. मी त्याच्याबरोबर गेले. भर दुपार होती. नरसिंगने स्वतःसाठी टेंभा बांधला होता.

‘आधी पोतं पळवा की,’ मी म्हटलं.

‘पोत्याला समदी थांबतेत, आक्का. पोरानं मानसामागं कुत्रं थांबलेलं बघायला पायजे.’

सुभद्राबाईने साखळी धरली. नरसिंग पेटता कडबा खांद्यावर घेऊन पळाला, वय विसरून, आरोळी देत. तो वळणावर गेल्यावर तिने साखळी सोडली. मंगळ्या तसाच गेला, जमिनीला चिकटून, मुका. अंतर मिटत आलं तेव्हा नरसिंग मागे न बघता ओरडला, ‘सोड!’

मंगळ्याने पाय रोवले. धूळ उडाली. तो बांधावर बसला, जीभ बाहेर, कान नसलेलं डोकं वर करून.

सुगतच्या तोंडून श्वास सुटल्याचं मी ऐकलं. नरसिंग वळला. त्याचं सगळं तोंड हसत होतं. टेंभा डोक्यावर नाचवत तो नाचल्यासारखी पावलं टाकत आमच्याकडे येऊ लागला. ‘बगितलंस? बगितलंस का रं, कुत्रं कुनाचं हाय...’

त्याची टाच ढेकळावर गेली. तो पाठीवर पडला आणि पेटता कडबा त्याच्या छातीवर पडला. तो हातपाय झाडून लोळू लागला.

पडलेलं आणि झाडणारं. मंगळ्या क्षणात त्याच्यावर होता. त्याने मानेच्या खाली, खांद्याच्या उंचवट्यावर धरलं. नरसिंगने ‘सोड’ म्हणायला तोंड उघडलं, पण त्यातून हवेचा नुसता घरघराट आला. त्याच्या सदऱ्यावर ठिणग्या होत्या. मी शालीने त्या दाबल्या आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं, कारण कुत्रं हिसडू लागलं होतं आणि डोकं दगडावर आपटत होतं.

सुगतने काठी आणली. पट्ट्यात घातली. डाव्या हाताने पिळली. उजव्या हाताने दुसरं टोक धरायला गेला. बोटं मिटली नाहीत. काठी निसटली. पुन्हा घातली. पुन्हा निसटली. तो दातांत काठी धरून पिळायला बघत होता आणि रडत होता. ‘माय! माझ्या हातात जोर न्हाई, माय!’

सुभद्राबाई कोपीतून सरपणाची कुऱ्हाड घेऊन आली. तिने सुगतला कमरेने बाजूला ढकललं. पहिला घाव पाठीत बसला, मंगळ्या सोडेना. दुसरा मानेच्या बुडात. जबडा तेव्हाही मिटलेलाच होता. तिने कुऱ्हाडीचं टोक दातांमध्ये घालून तो उघडला, हाड मोडल्याचा आवाज झाला. मग कुऱ्हाड टाकून तिने दोन्ही हात आपल्या लुगड्याला पुसले आणि नवऱ्याच्या जखमेत पदराचा बोळा कोंबला.

जीप येईपर्यंत नरसिंग शुद्धीवर होता. त्याचा आवाज फुटला तेव्हा तो कुत्र्याकडे बघत म्हणाला, ‘मंगळ्यानं ऐकलं व्हतं, सुगत. म्या पडलो म्हनून झालं.’

‘व्हय अप्पा,’ सुगत म्हणाला. त्याने डाव्या हाताने वडिलांच्या छातीवरचा जळका कडबा झटकला. ‘तुमी पडलात म्हनूनच झालं.’

सुगत जीपमध्ये वडिलांबरोबर बसून गेला. सुभद्राबाईने एकटीने बांधाकडेला खड्डा खणला. मी मदत करते म्हटलं तर म्हणाली, ‘तुमी बसा आक्का, तुमचा गुडघा दुखतोय.’

डॉक्टर म्हणाले, मानेची शीर बोटभर अंतराने वाचली. नरसिंग जगेल. प्रेरणा मुलीला घेऊन उद्या गावी येणार आहे.

त्या संध्याकाळी घरी परतल्यावर वहीत लिहिलं: रक्त लागलेलं पांढरं पातळ आणि शाल मिठाच्या थंड पाण्यात भिजत घातली.