तंबाखूमुक्त घर क्रमांक एक

मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून आमच्या घरात तंबाखूला बंदी आहे.

यांना मात्र सुपारी-तंबाखू घोटलेला खर्रा लागायचा. म्हणून हे तहसील ऑफिसातून आले, की मी दारातच उभी. "हा करा!" हे निमूटपणे तोंड उघडायचे, मी वास घ्यायचे, मगच आत प्रवेश. (शेजारणी हा सोहळा पाहायला मुद्दाम चहाच्या वेळी यायच्या.)

आमची रेवती डॉक्टरकी शिकते. यंदा तिच्या मॅडमनी फर्मावलं, आरोग्याचे धडे पाठ करून चालणार नाही! एक मोहल्ला निवडा, तिथली एक सवय मोडून दाखवा, त्यावरच मार्क. रेवतीनं आमचाच मोहल्ला निवडला आणि सवय कोणती, तर तंबाखू! मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात, जिथं पानठेल्याशिवाय गल्ली नाही!!

"आई, मॅडम खुद देखने आएँगी. एक तरी घर पूर्ण साफ पाहिजे, नाही तर मी फेल!"

"काहून फेल होशील? आपलं घर हाय ना!"

झालं, मी पदर खोचला. लपवलेल्या पुड्यांसाठी यांचे खिसे, स्कूटरची डिकी, उशीचा अभ्रा, काही सोडलं नाही. हे पार रडकुंडीला आले, पण महिन्याभरात खर्रा सुटला! मी दारावर स्वतःच्या हातानं पाटी लावली, 'तंबाखूमुक्त घर क्रमांक एक', आणि मॅडम येणार त्या दिवशी अख्खा मोहल्ला अंगणात गोळा केला.

"खरंच काही नाही ना?" मॅडमनी विचारलं.

"झडती घ्या, मॅडम!" (काय अवदसा आठवली मला!)

रेवतीच्या मैत्रिणी घरभर पांगल्या. दोन मिनिटांत एकजण न्हाणीतून डबी घेऊन आली. "आंटी, ये गुडाखू किसका है?"

"माझं मंजन व्हय ते," मी ऐटीत सांगितलं. "दिवसातून तीनदा घासते. त्याच्याबिगर माझं पोटच साफ होत नाही!"

मॅडम हळूच म्हणाल्या, "ताई, गुडाखू म्हणजे गुळात कालवलेला तंबाखूच की."

हे मटकन खाटेवर बसले. "बावीस वर्षं मी हा करून राह्यलो! आन् तू वं?"

"मले काय माहीत! दाताले लावते, खाते थोडीच!"

तेवढ्यात रेवतीचे डोळे भरून आले. "आई, गेला माझा प्रोजेक्ट."

माझी अब्रू गेली तर गेली, पोरीचं वर्ष कसं जाऊ देऊ? मी सरळ शेजारणीकडे वळले. "कमलाबाई, तोंड काय लपवता? तुमच्या न्हाणीत नाही का डबी?"

"हौ, हाय," कमलाबाई पुटपुटल्या. "पण ते तर मंजन व्हय ना वं?"

मग काय, एकेक हात वर! मॅडमचे डोळे चमकले. "रेवती, तू घरोघरी काय विचारलं होतंस?"

"तंबाखू खाता का? सगळ्या नाही म्हणाल्या."

"आता विचार, दात कशानं घासता?"

संध्याकाळपर्यंत आमच्या ओसरीत डब्यांचा ढीग लागला. पुढचे दोन महिने पोरी गुडाखू सोडवायला मोहल्ल्यात ठाण मांडून होत्या. निकाल? रेवती वर्गात पहिली! आम्ही साऱ्या बायका जीप करून तिच्या कॉलेजात टाळ्या वाजवायला गेलो, आणि पडद्यावर पहिलाच फोटो माझ्या डबीचा! छाती अभिमानानं फुगली हो माझी.

गुडाखू मीही सोडलं. आठ दिवस डोकं ठणकलं, दिसेल त्याच्यावर खेकसले, पण सोडलं! तरी मी कमलाबाईंकडून परत आले, की हे हाताची घडी घालून दारात उभे असतात.

"हा कर!"

मी निमूटपणे करते. शेजारणी अजूनही चहाच्या वेळीच येतात.