देखणा आणि राबता

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. आणि मला बोलता येत नाही म्हणून नाही बरं का — नागावात आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे, तिथे जो पाहुणा उतरतो त्याला चहाबरोबर माझी एखादी गोष्ट फुकट मिळते. नको असली तरी मिळते. शेजाऱ्याच्या बैलाला घाबरून मी नारळावर चढलो आणि मला उतरवायला नारळ पाडणारा पाडेकरी बोलवावा लागला, ही गोष्ट तर मी स्वतः नक्कल करून सांगतो. स्वतःची फजिती सांगण्यात माझा हात कुणी धरणार नाही. मग ही एकच का तोंडाशी येऊन परत जाते? कारण हिच्यात हसण्यासारखं आहे, पण फजिती माझी झालेली नाही. दुसऱ्याची झाली. माझ्यामुळे.

तशी गोष्ट कॅमेऱ्याची आहे. कॅमेऱ्याची म्हणूनच सुरू करतो. पुढे कुठवर धीर टिकतो ते बघू.

माझ्या थोरल्या भावाच्या मुलीचं, दीप्तीचं, लग्न ठरलं तेव्हा घरात एक चांगला कॅमेरा घ्यायचं ठरलं. होमस्टेच्या खोल्यांचे, वाडीचे फोटो इंटरनेटवर टाकायचे होते, शिवाय लग्नही होईल — हे माझं म्हणणं. रेखाचं म्हणणं वेगळं. रेखा माझी बायको, शाळेत शिकवते. तिला व्हिडिओ हवा होता, आणि तोही एकाच गोष्टीचा: आत्याच्या धवल्याचा.

आमच्या आगरी लग्नात भटजींच्या आधी धवलारीण लागते. ती धवले म्हणते, आणि त्या गाण्यांवरच मांडव, हळद, सगळं पुढे सरकतं. रेवदंड्याची आमची आत्या ही धवलारीण. मांडवाच्या दिवशी ती एक लांब धवला म्हणायची. आधी देवांना बोलवायची, गावदेवीला, समुद्राला — आणि मग आमच्या घरात होऊन गेलेल्या बायकांना. एकेकीचं नाव घेऊन. पणजी, तिची सासू, तिच्या आधीची. पुरुषांची नावं सातबाऱ्यावर सापडतात. बायकांची फक्त आत्याच्या तोंडी होती. रेखा सून म्हणून या घरात आली, आणि या घराचं तिला सगळ्यात जास्त कशाचं अप्रूप वाटलं असेल तर त्या नावांचं. तिने एकदा आत्याला ती नुसती सांगायला सांगितली होती. आत्या म्हणाली, "नुसती नावा घेऊन त्यांना बोलवू, नि येऊन बसतील कुठं? मांडव नको त्यांना? मांडव नसताना न्हाय म्हनायचा, बाय." आणखी एक नेम होता: एकदा सुरू केलेला धवला मध्ये थांबवायचा नाही, आणि परत पहिल्यापासून घ्यायचा नाही. बोलावलेली माणसं दारातून परत जातात म्हणे.

तर असा मांडव, आणि तोही एकदाच उभा राहणार.

अलिबागला माझ्या ओळखीचा एक लग्नाचे फोटो काढणारा आहे. त्याने एक दिवसासाठी दोन कॅमेरे दिले, वापरून बघ म्हणाला. दोन्ही मिररलेस, आत आरसा नसलेले नव्या धर्तीचे; दोन्ही फुल-फ्रेम. म्हणजे आतला सेन्सर मोठा, संध्याकाळच्या अंधुक उजेडातही चेहरा स्वच्छ येणार. मी त्यांना जावयांसारखी नावं ठेवली — देखणा आणि राबता. देखण्याचे फोटो काय सांगू! त्याने काढलेला माझाच फोटो मोठा करून पाहिला तर नाकातल्या केसांची मला नव्याने ओळख झाली. हातात धरला की वजन जाणवायचं, बटण दाबलं की कसा श्रीमंत आवाज यायचा. राबता बुटका, फोटो बरे — बरे म्हणजे चांगलेच, पण कुणी थांबून बघावं असे नाहीत. त्याच्या पाठीमागे एक छोटा पंखा. सांगाल तितका वेळ व्हिडिओ काढत बसणार, कुरकुर नाही.

रेखा शाळेत गेली होती. मी दोघांना ओट्यावर स्टुलांवर ठेवलं, विहिरीकडे तोंड करून, दोघांचाही व्हिडिओ चालू केला, आणि उन्हात सोडून आत जेवायला गेलो. बाहेर आलो तर राबता चालूच होता. देखण्याच्या पडद्यावर थर्मामीटरचं चित्र लुकलुकत होतं, आणि माझ्या देखत तो बंद पडला. तापला होता. सावलीत नेऊन गार केला, पुन्हा लावला, पुन्हा बंद.

आता सांगा, यात कळायचं काय राहिलं होतं? लग्न मे महिन्यात. मांडवात.

रेखा घरी आली. पायही न धुता तिने पहिलं हेच विचारलं, "लांब व्हिडिओला कोणता बरा?" आणि मी म्हणालो, "त्यात दोन्ही सारखेच गं. फोटोत मात्र हा भारी."

का म्हणालो? मला देखणा हवा होता. गळ्यात तो अडकवून मांडवात फिरणारा मी — मला दिसत होतो. बाकी काही कारण नाही. शोधून पाहिलं, सापडलं नाही.

एरवीच्या गोष्टीत अशा जागी मी पाहुण्याला आणखी चहा विचारतो.

मांडवाच्या दिवशी दुपारी आत्या पाटावर बसली. वर कापडी छत, खाली माणसांची दाटी, वाऱ्याचं नाव नाही. मी नवा घेतलेला देखणा घेऊन, सगळ्यांना बाजूला सारून पुढे, गुडघ्यावर. साहजिक होतं, कॅमेरा माझा! आत्याने पदर सावरला, माझ्याकडे बघून म्हणाली, "बाला, नीट घे हां, म्हातारी असलू तरी." बायका हसल्या. रेखा माझ्या समोर, दीप्तीच्या मागे उभी होती, हातात मोबाइल घेऊन. तिने भुवया उंचावून खुणेनेच विचारलं: चालू आहे ना? मी मान हलवली. तेव्हा ते खरं होतं.

आत्याने गावदेवीला बोलावलं. समुद्राला बोलावलं. आणि पडद्यावर ते थर्मामीटर आलं.

मी ते पाहिलं. बंद झालेलाही पाहिला. काळा पडदा, त्यात माझंच घामेजलेलं तोंड. आत्या नावांपाशी येत होती. तिला थांबवता येणार नव्हतं — पण तिला थांबवायचं होतंच कुठे? रेखाकडे मोबाइल होता. नुसतं बोट दाखवलं असतं तरी तिने तो उचलला असता. तिने तेव्हाच पुन्हा माझ्याकडे पाहिलं. कदाचित माझ्या तोंडावर काहीतरी दिसलं असेल. पुन्हा त्याच भुवया: चालू आहे ना?

मी मान हलवली.

तिने मोबाइल पर्समध्ये ठेवला, हात जोडले आणि डोळे मिटून ऐकत राहिली. मी बंद कॅमेरा डोळ्याला लावून बसलो. मध्ये एकदोनदा फोकस केल्यासारखी लेन्सची कडीही फिरवली — हे सांगताना आजही मानेला घाम येतो. आत्या एकेक नाव माझ्या काचेत बघून घेत होती. जपून, सावकाश, कॅमेऱ्याला नीट ऐकू जावं म्हणून. त्यातलं एकही मला आठवत नाही. त्या वेळी मी एवढाच विचार करत होतो की मागे उभ्या असलेल्या कुणाला काळा पडदा दिसत तर नाही ना.

संध्याकाळच्या हळदीसाठी कार्ड रिकामं हवं होतं. रेखाने घाईघाईत सगळं लॅपटॉपवर घेतलं आणि कार्ड पुसलं. वरात गेल्यावर, दुसऱ्या दिवशी, ती धवला बघायला बसली. समुद्रापर्यंत होता. पुढे नाही. लांब व्हिडिओचे कॅमेरा तुकडे करतो, वेगवेगळ्या फाइली होतात, हे तिला माहीत होतं. ती माझ्याकडे वळली. एवढीशी झाली होती. "अहो, पुढचा तुकडा घ्यायचाच राहिला की काय माझ्याकडून?"

मला काही रचावंही लागलं नाही. खोटं तिने स्वतःच तयार करून माझ्या हातात दिलं. मी म्हणालो, "जाऊ दे. घाईत होतं असं."

तिला माफ केलं मी. माझ्या चुकीसाठी.

घरातही सगळ्यांनी केलं — म्हणजे बोलून केलं. लग्नाची पूजा उरकल्यावर दुसऱ्या दिवशीच्या मासळीच्या जेवणाला वहिनी, दीप्तीची आई, पंगतीत वाढता वाढता म्हणाल्या, "मास्तरीणबाई, पोरांचे पेपर तरी नीट सांभाळता ना?" सगळे हसले. रेखाही हसली, पण तिचा घास हातातच राहिला. मी शेजारीच होतो. जिताड्याचा काटा काढत होतो. इतका मन लावून मी काटा कधीच काढला नसेन.

पुढच्या पावसाळ्यात आत्याला अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, शब्द नाही सावरले. आता तिला धवल्याची चाल येते, नावं येत नाहीत.

मी देखणा विकला आणि राबता आणला. रेखाला वाटतं, तिच्या समाधानासाठी आणला. दर रविवारी आम्ही रेवदंड्याला जातो. ती आत्याजवळ बसते, चाल धरते, पुढे एखादं नाव येईल म्हणून वाट बघते. आता मांडवाचा नेम आत्याही पाळत नाही, तिला तो आठवत नाही. गुणगुणत ती नावाच्या जागेपाशी येते, थांबते, रेखाचा हात थोपटते आणि पुन्हा समुद्रापासून सुरू करते. मागच्या रविवारी आत्याच्या सुनेला रेखा सांगत होती, "एवढं माझ्या हातून गेलं, पण ह्यांनी कधी एका शब्दाने बोल लावला नाही हो." मी खिडकीपाशी स्टँड लावत होतो. ऐकलं, आणि स्टँडचा पाय उगाच परत पिळला.

राबता चालू असतो, पंखा हलकेच फिरतो. न तापता, न थांबता तो आत्याची ती रिकामी जागा टिपत राहतो. आणि आत्याने चाल धरण्याआधी, दर वेळी, रेखा माझ्याकडे बघून भुवया उंचावते.

मी मान हलवतो.