औषध बंद, घरी न्या

“तुमच्या रक्तात जंतू गेलेत, काका,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मला वाटलं, जंतू पोटात जातात, रक्तात कशाला जातील? पण ब्लड कल्चर पॉझिटिव्ह आलं होतं. म्हणजे रक्त बाटलीत घालून ठेवतात आणि त्यात जंतू वाढतात का ते बघतात. माझ्या बाटलीत वाढले. लघवीच्या मार्गातून ते रक्तात शिरले, असं मॅडमचं म्हणणं.

मी पाचोडचा. एस.टी.त कंडक्टर होतो, त्यामुळे लघवी दाबून धरायची सवय नोकरीतलीच. थंडी वाजून ताप आला तेव्हा घरच्यांना मलेरिया वाटला. मी बरळायला लागलो, तसं मुलानं, विजयनं, गाडी करून संभाजीनगरला आणलं.

सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू झालं, म्हणजे जंतू मारायचं औषध. दोन-तीन दिवसांत ताप उतरला आणि भाकरीची आठवण यायला लागली. सोनोग्राफी झाली, परत रक्त नेलं. कशासाठी, ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

शेजारच्या खाटेवर अजिंठ्याचे एक गृहस्थ होते. त्यांच्या पायाच्या हाडात जंतू. मॅडमनी त्यांना सहा आठवडे औषध सांगितलं. मी मनात म्हटलं, बिचारा.

मग एका सकाळी राउंडला मॅडम माझी फाइल बघून विजयला म्हणाल्या, “सात दिवस झाले. आता औषध बंद. उद्या घरी न्या यांना.” आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

आमच्याकडे ‘औषध बंद, घरी न्या’ याचा एकच अर्थ. थोरल्या भावाला अशाच शब्दांत पाठवलं होतं आणि पंधरवड्यात तो गेला. शिवाय कोर्स अर्धवट सोडू नये, हे जन्मभर ऐकलेलं. मग हाडवाल्याला सहा आठवडे आणि रक्तवाल्याला सात दिवस कसे? ज्याची आशा आहे त्याच्यावरच औषध खर्चतात, असा अर्थ मी लावला. विजय हसत होता. मला वाटलं, पोरगं उसनं हसतंय.

शहरातच, पुंडलिकनगरला विजयच्या घरी आलो. पाहुणे भेटायला यायचे. “सलाईन नाय लावलं व्हय?” असं विचारून एकमेकांकडे बघायचे. माझ्या अंगात ताकद येत होती, पण विझताना दिवा मोठा होतो म्हणतात, ते काही डोक्यातून जाईना. मरायची भीती वाटत होती, उगाच कशाला लपवू? बायकोला, सुमनला, काही कळू द्यायचं नव्हतं. मोसंबीची बाग पुढं कुणाला करायला द्यायची, ते मात्र सहज बोलल्यासारखं सांगून टाकलं. ती उठून गच्चीवर कपडे काढायला गेली.

तपासणीला मी आणि सुमन दोघंच गेलो. मॅडम म्हणाल्या, “छान. आता यायची गरज नाही.”

मग मात्र राहवलं नाही. “मॅडम, खरं सांगा. किती दिवसांचा सोबती हाय मी?”

त्या चक्रावल्याच. मग खुर्ची पुढं ओढून म्हणाल्या, “काका, तुम्ही बरे झालात म्हणून औषध थांबवलं. पूर्वी अशा पेशंटला आम्ही दोन आठवडे द्यायचो. ताप लवकर उतरला आणि कुठं पू साठलेला नसला, तर सात दिवस पुरतात, असं आता दिसून आलंय. हाडात किंवा हृदयाच्या झडपेत जंतू बसले, तर जास्त दिवस लागतात. उगाच वाढवलं तर जुलाब होतात आणि उरलेले जंतू औषधाला निर्ढावतात.”

“पण कोर्स?”

“तुमचा कोर्सच सात दिवसांचा होता. तो पूर्ण झाला.”

मला सगळं कळलं, असं नाही. कुणाला किती दिवस, याचा गोंधळ अजून होतो. पण तुमच्यावर ही वेळ आली तर आपल्या मनानं औषध सोडू नका आणि वाढवूही नका. बंद केलं तर ‘का’ म्हणून तोंड उघडून विचारा. मॅडमनी माझं विचारणं हसण्यावारी नेलं नाही, हे त्यांचे उपकार.

रिक्षात बसलो आणि सुमन तोंडाला पदर लावून हमसाहमशी रडायला लागली.

“अगं, बरा झालोय मी. आता कशाला रडती?”

“त्या दिवशी वार्डाच्या दारातून मी बी ऐकलं व्हतं, ‘घरी न्या’ म्हनून,” ती म्हणाली. “तुमाला कळू नाय म्हनून रोज गच्चीवर जाऊन रडायचे. आता तरी तुमच्यापुढं रडू द्या.”

मी रिक्षावाल्याला म्हटलं, “भाऊ, जरा लांबच्या रस्त्यानं घ्या.”