सहा औटं एकवीस

साऱ्या चंदीगडात न दमणारा माणूस एकच होता, आमचे खालचे मास्तर. आणि त्यांच्याबरोबर मी शेवटचं काय केलं, तर रोजच्यासारखा सुखना तलावाच्या बांधावर पाढे म्हणत चाललो. मास्तर साताऱ्याकडचे, शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले. त्यांचा मुलगा नि माझा मुलगा एकाच कचेरीत बदलीवर आलेले. ते खालच्या क्वार्टरात, आम्ही वर.

मी चौथी नापास, मला गोल गोल सांगता येत नाही. माझी बायको एका सकाळी मोरीपाशी "दमले हो" म्हणून टेकली, ती उठलीच नाही. तेव्हापासून मला धाप लागायचीच भीती बसली. चार पायऱ्या चढलो की हात छातीवर. दिवसभर खाटेवर बसून आपलाच श्वास ऐकायचा. मास्तरांनी काही दिवस बघितलं आणि एका पहाटे खालून आरोळी ठोकली, "अहो वरचे, बूट घाला! मरायचं तर चालताना मरा. खाटेवर ढेकूण मरतात."

त्यांचं शास्त्र असं, की पाय शेवटी दमतात, आधी डोकं दमतं. म्हणून चालताना मोठ्यानं पाढे म्हणायचे. पावकी, निमकी करत करत औटकीपर्यंत, म्हणजे साडेतीनच्या पाढ्यापर्यंत. आकडा चुकला की डोकं दमलं समजायचं, पाणी प्यायचं, आणि "परत पहिल्यापासून!" 'दमलो' हा शब्द त्यांच्या हद्दीत बंद. त्यांची नात शाळेतून येऊन "आजोबा, थक गई" म्हणाली तर ओरडायचे, "हिंदीतसुद्धा नाही!"

गणपतीत आमची शेजारच्या पंजाब्यांशी रस्सीखेच लागली. तिकडे सहा फुटी गडी, इकडे सगळे कारकून. मास्तरांनी दोर ओढता ओढता सगळ्यांना निमकी म्हणायला लावली. समोरचे इतके हसले, की दोरच सुटला त्यांच्या हातून. मास्तर गंभीरपणे म्हणाले, "बघा, डोकं आधी गेलं त्यांचं."

गणितात भोपळा घेतलेला मी, पण ऐकून ऐकून सगळे पाढे तोंडात बसले. छातीवरचा हात कधी खाली आला, कळलंही नाही.

त्या सकाळी औटकी चालू होती. "पाच औटं साडेसतरा, सहा औटं…" मास्तर थांबले. "सहा औटं… सहा औटं…" एकवीस माझ्या ओठावर होतं, पण सांगायचा धीर होईना. जत्रेत हरवलेल्या पोरासारखे ते माझ्याकडं बघत होते. मग बाकावर बसले, कपाळ पुसलं नि म्हणाले, "वरचे, दमलो हो."

रिक्षात घालून इस्पितळात नेलं. दुपार व्हायच्या आत गेले. संध्याकाळी त्यांना पोचवून आलो, खाटेवर बसलो, तर हात आपोआप छातीवर.

दुसऱ्या सकाळी खालून हाक आली नाही. जिना विहिरीसारखा दिसत होता. तरी बूट घातले. बांधावर एकट्यानंच पावकीपासून सुरू केलं, मोठ्यानं. रोजचे सरदारजी समोरून आले. "बाबाजी, आज अकेले? मास्टरजी नहीं आए?" मी नुसती मान हलवली, पाढा सोडला नाही. तो बाक आला तेव्हा छाती धडधडायला लागली.

"पाच औटं साडेसतरा, सहा औटं…"

जरा थांबलो. "एकवीस," बाकाकडं बघून म्हणालो, आणि पुढं चाललो.